उर्दू शाळा संपते तेव्हा

दोन संस्कृतींत वाढणाऱ्या मुस्लिम मुलीची ओढाताण मुख्यतः पेहरावावरून होते, असे मत अनेकदा मांडले जाते; मला ते अपुरे वाटते. बुलढाणा-अकोल्याच्या खेड्यांत घरी उर्दू आणि बाजारात वऱ्हाडी बोलणारी मुलगी दोन्हींकडे सहज वावरते. बुलढाणा जिल्ह्यातल्या सैलानी बाबांच्या दर्ग्याच्या यात्रेला तर हिंदू शेजारीही जातात. खरी कोंडी होते ती गावातली जिल्हा परिषदेची उर्दू शाळा सातवी-आठवीला संपते तेव्हा. पुढे तालुक्याच्या उर्दू शाळेत जायचे की गावातच मराठी माध्यमातून नव्याने बीजगणित समजून घ्यायचे, हे बहुधा घरातले पुरुष ठरवतात. ग्रामीण विद्यार्थिनींना एसटीचा पास मोफत मिळतो (ही मोठीच सोय आहे), परंतु संध्याकाळची गाडी चुकण्याची धास्ती त्याने जात नाही, आणि २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे संरक्षणही नेमके चौदाव्या वर्षी थांबते. त्या वयात तिला स्वतःला काय शिकायचे आहे, हे तिच्या आईवडिलांनी आणि शिक्षकांनी तिलाच विचारावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.