गंधग्राहीला चेतवणारं संयुग : शब्द सुचवा

जाई, इंदूर
मंडळी, अडले आहे. आमच्या रामबागेतल्या मराठी मंडळींच्या बैठकीत ‘वास कसा कळतो’ यावर बोलायचं माझ्या गळ्यात पडलंय. श्रोते बहुतेक साठीपुढचे, घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी. ‘ऑलफॅक्टरी रिसेप्टर’ला, म्हणजे पेशीवरच्या वासाचे रेणू टिपणाऱ्या प्रथिनाला, गंधग्राही हा शब्द आहे, तो चालेल. पण ‘अ‍ॅगोनिस्ट’ला काय म्हणू? म्हणजे जे रसायन ग्राहीला जाऊन चिकटतं आणि पेशीच्या आत निरोपांची साखळी सुरू करतं, ते. ‘सक्रियकारक’ कुठेसं वाचलं, पण ते उच्चारताना माझीच जीभ बोबडी वळते.

सहाण
उद्दीपक. मानसशास्त्रात वर्षानुवर्षं चालतोय की.

जिरावण
म्हणूनच नको. उद्दीपक म्हटलं की घंटा वाजली आणि कुत्र्याला लाळ सुटली, एवढंच लोकांना आठवतं. उजेड उद्दीपक, आवाज उद्दीपक, टाचणीही उद्दीपक. इथे विशिष्ट रेणू विशिष्ट ग्राहीवर काम करतो. शिवाय नुसतं चिकटून भागत नाही. काही रेणू ग्राहीला चिकटतात आणि ढिम्म बसून राहतात, दुसऱ्याला जागा देत नाहीत. त्यांनाही शब्द लागणार, आणि तो पहिल्याशी जोडीने शोभायला हवा.

महूकर
‘चेतक’ घ्या. चूल चेतवतो तसा. जोडीला ‘रोधक’.

सहाण
चेतक म्हणजे राणा प्रतापांचा घोडा. आणि आमच्या पिढीला स्कूटर! बैठकीत अर्धा तास त्यातच जाईल, जो तो आपापली चेतक किती वर्षं चालवली ते सांगत बसेल.

महूकर
जाऊ द्या की अर्धा तास, शब्द तरी लक्षात राहील. गंमत सोडा. माझं म्हणणं असं की नामाच्या आधी क्रियापद बघा. ‘हा रेणू अमुक ग्राहीला चेतवतो’ हे वाक्य कुठल्याही आजीला कळतं. ‘सक्रियित करतो’ म्हणून बघा, दातात खडा आल्यासारखं होतं. आणि चेतासंस्था, चेतापेशी हे शब्द शाळेपासून कानावरचे आहेत, त्यामुळे नाकाच्या विषयात ‘चेतक’ परका वाटत नाही.

जिरावण
क्रियापद एकदम मान्य. जाईताई, आत काय घडतं तेही त्याच क्रियापदाने सांगता येईल. रेणूने ग्राहीला चेतवलं की ग्राहीचा आकार किंचित बदलतो. त्याला आतल्या बाजूने लागून असलेलं, निरोप पुढे देणारं जी-प्रथिन कामाला लागतं. ते अ‍ॅडेनिलिल सायक्लेज या विकराला (एन्झाइमला) चेतवतं, त्यातून सायक्लिक एएमपी हा पेशीच्या आत निरोप नेणारा छोटा रेणू तयार होतो, पेशीच्या पटलातले मार्ग उघडतात, सोडियम-कॅल्शियम आत येतं, पाठोपाठ क्लोराइड बाहेर जातं आणि मेंदूकडे विद्युतसंदेश निघतो. या ग्राहींची जनुकं लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सल यांनी १९९१ मध्ये शोधली, २००४ चं नोबेल त्यासाठीच.
फक्त कुलूप-किल्ली सांगू नका, हात जोडतो. माणसात काम करणारे गंधग्राही सुमारे ४००. एक रेणू अनेक ग्राहींना कमी-जास्त चेतवतो आणि एक ग्राही अनेक रेणूंना दाद देतो. वास ओळखला जातो तो कोणकोणते ग्राही चेतले त्या जुळणीवरून. त्यामुळे ‘गुलाबाचा ग्राही’ असं काही नसतं.

सहाण
माझी हरकत आता वेगळीच आहे. ‘गंधग्राही’तला गंध काढा! हे ग्राही नुसते नाकात नाहीत. २००३ मध्ये शुक्राणूंवर एक सापडला. बुर्जोनाल नावाचं फुलांच्या वासाचं संयुग त्याला चेतवतं, शुक्राणू त्या दिशेने पोहत जातात, आणि अनडेकॅनाल त्याला रोखतं. म्हणजे तुमची चेतक-रोधक जोडी आयती. प्रोस्टेटमध्येही एक आहे, त्याला प्रोपिओनेट चेतवतं. शुक्राणूला कसला आलाय वास?

जाई
प्रोस्टेट म्हटलं की आमची निम्मी सभा कान टवकारेल. घेतेच तो मुद्दा.

महूकर
कातडीतलाही सांगा, आपल्याकडे तो सगळ्यांत शोभेल. ओआर२एटी४ नावाचा ग्राही त्वचेच्या पेशींवर असतो. सँडलोर हे कृत्रिम चंदनी संयुग त्याला चेतवतं. २०१४ मध्ये जर्मनीतल्या बोखुमच्या संशोधकांनी दाखवलं की प्रयोगशाळेत वाढवलेल्या त्वचापेशी त्याने जास्त वाढतात, जास्त सरकतात, जखम भरायला मदत होते. आता मराठीत गंध म्हणजे वासही आणि कपाळावर लावायचं उगाळलेलं चंदनही. कातडीवरच्या ग्राहीला ‘गंधग्राही’ म्हणण्यात काय चूक?

जिरावण
थांबा थांबा. यातूनच व्हॉट्सअ‍ॅपवर ‘पूर्वजांना सगळं ठाऊक होतं’ सुरू होतं. त्याच प्रयोगात खऱ्या चंदनाच्या तेलाने तो ग्राही चेतला नव्हता. नाकाला दोन्ही चंदनच, ग्राहीला मात्र नाही. जाईताई, हे सांगितल्याशिवाय खाली बसू नका, नाहीतर दुसऱ्या दिवशी सगळे गुडघ्याला गंध लावून येतील.
सहाणकाका, ‘गंध’ राहू द्या. ते त्या कुळाचं आडनाव आहे. आपल्याकडे कितीतरी कुलकर्णी कुलकर्णपण करत नाहीत, तरी आडनाव बदलत नाहीत.

सहाण
हे पटलं. पण मग ‘वासग्राही’ का नको? गंधापेक्षा सोपा.

जाई
इंदुरात नको, काका. इथे हिंदीत ‘बास आ रही है’ म्हणजे घाणच येतेय. मी शेजारणीला प्रेमाने म्हटलं, ‘आपके यहाँ से क्या वास आ रहा है’, आणि तिने भाजीवर झाकण ठेवलं. गंधग्राहीच ठेवते. फळ्यावर असं लिहू का : ‘चेतक म्हणजे ग्राहीला चिकटून पेशीतली संदेशसाखळी सुरू करणारं संयुग. रोधक म्हणजे जागा अडवून ती सुरू होऊ न देणारं संयुग.’

महूकर
लिहा. फक्त ‘कोणत्या ग्राहीचा चेतक’ हे दर वेळी म्हणा. नुसता चेतक अर्धवट आहे. एका ग्राहीचा चेतक दुसऱ्याचा रोधक असू शकतो.

सहाण
आणि अनेकवचनी ‘ग्राहींना’, हींवर अनुस्वार. फळ्यावर विसरू नका, पुढच्या रांगेत निवृत्त मास्तर असतात.