आधी द्रावण, मग सूक्ष्मदर्शक
नॅनोतंत्रज्ञानाच्या प्राथमिक प्रशिक्षणाची सुरुवात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकापासून व्हावी, असे मत काही जण मांडतात; ते मला पटत नाही. पहिल्या दिवशी शिकणाऱ्यांच्या हातून सोन्याचे नॅनोकण (मीटरच्या अब्जांशात मोजले जाणारे अतिसूक्ष्म कण) तयार करून घ्यावेत. क्लोरोऑरिक आम्ल या सोन्याच्या संयुगाच्या उकळत्या, विरल द्रावणात सोडियम सायट्रेट (सायट्रिक आम्लाचा क्षार) घातले की काही मिनिटांत माणकासारखा लाल रंग उतरतो, आणि पुढे त्यातच चिमूटभर मीठ टाकले तर कण एकमेकांना चिकटून तोच रंग निळसर होतो. द्रव्य तेच असूनही कणांच्या आकाराने गुणधर्म पालटतात, हे इतके स्पष्ट दुसरीकडे क्वचितच दिसते. मग वर्णपटमापीवर, म्हणजे कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला जातो हे मोजणाऱ्या उपकरणावर, लाल द्रावणाचे ५२० नॅनोमीटरजवळचे शोषणाचे शिखर पाहावे. सूक्ष्मदर्शकाखाली नमुन्यातले मोजकेच कण दिसतात, म्हणून सरासरी आकार सांगण्यापूर्वी निदान शंभरेक कण मोजण्याची सवय लावावीच.