धुराच्या गाडीआधी बॅरल बघूया

गल्लीतले लोक विचारतायत की डेंग्यूचे पेशंट वाढत असताना धुराची गाडी गल्लीत का येत नाही. मागणी रास्त आहे, पण धुरानं फक्त उडणारे डास मरतात. डेंग्यूचा डास घरात, पडद्यामागं नाहीतर कॉटखाली बसतो, आणि गाडी आली की आपण खिडक्या लावून घेतो!

गेल्या आठवड्यात आशाताईंनी आमच्या मागच्या दारचं बॅरल दाखवलं. पाणी एक दिवसाआड, त्यामुळं ते कायम भरलेलं. टॉर्च मारली तर पृष्ठभागाला उलट्या लटकलेल्या अळ्या, बॅरलला नुसती टिचकी मारताच सगळ्या तळाला. अंगावर काटा आला. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्याला एकदा बॅरल रिकामं करायचंच. नुसतं ओतून चालत नाही. अंडी कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने जगतात, तेव्हा काथ्यानं आतून खसाखसा घासा. फ्रिजच्या मागचा ट्रेही बघा.

ताप आला तर पहिल्या पाच दिवसांत एनएस१ (डेंग्यूची रक्ताची) तपासणी करून घ्या. पॅरासिटामॉल सोडून अॅस्पिरिन, आयबुप्रोफेन मनानं घेऊ नका, रक्तस्रावाचा धोका वाढतो. ताप उतरल्यावर पोटात जोरात दुखलं, सारख्या उलट्या झाल्या, तर लगेच सीपीआर (कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय) गाठा. ताप गेला म्हणून निवांत राहू नका, तेच दिवस जास्त जपायचे असतात.

तालमीच्या पोरांनी रविवारी गल्ली वाटून घेतली तर मी यायला तयार आहे.