पोटाच्या स्लीव्ह सर्जरीला ७ महिने झाले, २३ किलो उतरले आणि काटा तिथेच अडकलाय

कोयनाकाठ

नमस्कार मंडळी. वर्षभर इथे नुसती वाचत होते. आज लिहायला बसले, कारण सकाळी काट्यावरून उतरताना डोळ्यांत पाणी आलं आणि नवऱ्याला सांगितलं, कांदा चिरत होते. सकाळी साडेसहाला, बाथरूमच्या दारात, हातात सुरी नसताना. तो बिचारा काही बोलला नाही.

माझी माहिती देते. वय ४६, उंची १५८ सेंमी, कराडजवळ एका पतसंस्थेत कॅशियर. १४ वर्षं थायरॉइडची गोळी, ६ वर्षं साखर. ४ डिसेंबरला पुण्यात स्लीव्ह, म्हणजे वजन उतरवायला पोट कापून लहान करायची सर्जरी, झाली. त्या दिवशी वजन ११८. पहिल्या महिन्यात ९ गेले, तिसरा महिना संपताना १०१ होतं, पाचव्या महिन्यात ९५.६. आणि मग बस. सात आठवडे झाले, ९५.४, ९५.१, ९५.६, आज ९५.०.

आमच्याच दिवशी ऑपरेशन झालेला एक मुलगा आहे, २९ वर्षांचा, बायपासवाला (हृदयाची नव्हे, पोटाची; त्यात आतड्याची वाटही बदलतात). १६८ चा ११४ झाला. दवाखान्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर रविवारी फोटो टाकतो, जुन्या पँटच्या एका पायात दोन्ही पाय घालून उभा. चांगला मुलगा आहे हो, ॲडमिट असताना माझ्या सासूबाईंना चहा आणून द्यायचा. पण रविवारी मी आता ग्रुप उघडतच नाही.

मेडिक्लेमने बरेच पैसे दिले, वरचे ९२ हजार मी आमच्याच पतसंस्थेतून कर्ज काढून भरले. म्हणजे दर ५ तारखेला माझा हप्ता मीच माझ्या खात्यातून वळता करते. कॅशियरची जात, हिशोब केल्याशिवाय राहवत नाही: २३ किलोला ९२ हजार, किलोला ४ हजार पडले. जाऊबाई परवा म्हणाल्या, "पोट कापून घेतलंस तरी तेवढीच की गं." काउंटरवर एक पेन्शनर काका उलटं विचारतात, "मॅडम, आजारी होता का?" एकाच दिवसात दोन्ही ऐकलं की माणसाने कुठे जायचं?

खाणं असं: सकाळी उठल्यावर चहा आणि सगळ्या गोळ्या एकदम, म्हणजे विसरायला होत नाही. नऊला अर्धी वाटी उपमा किंवा पोहे. डब्यात अर्धी पोळी, भाजी, थोडं वरण. पोळी बरेचदा छातीत अडकते, मग ती तशीच परत येते. चारला चहा आणि दोन मारी. रात्री मऊ भात आणि आमटी. अंडं बुधवारी आणि रविवारी, आता चातुर्मास लागला की तेही बंद. गोड नाही, तळलेलं नाही. रोज कृष्णेच्या घाटापर्यंत ४० मिनिटं चालते.

मग चुकतंय कुठे? माझी सर्जरी फुकट गेली का? खरं सांगा, गोड बोलू नका.

---

बुटीबोरीकर

ताई, पहिले तर काटा तपासा. हसू नका. आमच्या घरी शहाबादी फरशी, काट्याचा एक पाय खाचेत जायचा आन् मी महिनाभर ७०० ग्रॅमसाठी जीव जाळून घेतला. आता फरशीवर मार्करने चार खुणा करून ठेवल्या, काटा तिथंच ठेवायचा. आठवड्यातून एकदा, सोमवारी, बस.

माझी बायपास २०१९ ची. १४१ वरून ८८ पर्यंत गेलो, आता ९५ वर आहे. मधात ११ आठवडे काटा हलला नव्हता, सहाव्या महिन्याच्या आसपास. डॉक्टरला फोन करून म्हटलं, पोटाचे स्टेपलचे टाके सुटले असतील. ते म्हणाले, सुटले असते तर तुम्ही फोन करायच्या अवस्थेत नसता.

तुमच्या त्या बायपासवाल्या पोराशी तुलना करू नका, ऑपरेशनच वेगळं आहे. मला बायपासनंतर दोन महिन्यांनी सीताबर्डीवर उसाचा रस प्यायची हुक्की आली. अर्धा ग्लास. वीस मिनिटांत घामाने शर्ट चिंब, छाती धडधड, आन् पुढचं सांगत नाही, दुकानदाराने बाकड्यावर झोपवलं. याला डम्पिंग म्हणतात. तेव्हापासून गोडाकडे पाहत नाही. आम्हा बायपासवाल्यांच्या पोटात असा पहारेकरी बसलेला राहते. स्लीव्हवाल्यांना तो बरेचदा मिळत नाही, तुमच्या पोटाला गोड गपगुमान चालून जाते.

पण ताई, ते "चहा" म्हणजे किती? कप का बशी? आन् दिवसातून किती वेळा? पतसंस्थेत काम करता, मला माहीत आहे पतसंस्थेतला चहा.

---

दिवटा२२

हे असले शॉर्टकट घेण्यापेक्षा रोज १२ सूर्यनमस्कार आणि रात्रीचं जेवण सोडलं असतं तर ही वेळ आली नसती. माझ्या मामांनी असंच १८ किलो कमी केलं. इच्छाशक्ती लागते.

---

कोयनाकाठ

दिवटा, बारा वर्षांत तीन वेळा १०-१२ किलो उतरवून चारही वेळा परत चढवलेत. हो, तीन वेळा उतरवून चार वेळा चढवले, कॅशियर आहे, बेरीज चुकलेली नाही. मामांना नमस्कार सांगा.

बुटीबोरीकर, चहा मोजला. घरचे दोन. ऑफिसात कागदी कपातले तीन, कधी चार. ते पिते म्हणजे दोन घोट घेते आणि ठेवते, पुन्हा दोन घोट. साखर घातलेलाच येतो. घरचा बिनसाखरेचा आहे म्हणून मी "गोड नाही" असं लिहिलं. लिहिताना खोटं बोलत नव्हते हो, खरंच तो खाण्यात धरलाच नव्हता.

---

आमसूल

रत्नागिरीत आहारतज्ज्ञ आहे, ११ वर्षं बॅरिएट्रिकचे, म्हणजे वजनाच्या सर्जरीचे, पेशंट बघते. तुम्हाला न तपासता लिहितेय, तेव्हा शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचा.

आधी हिशोब, कारण तुमचा हिशोब चुकलाय. ऑपरेशनच्या आधी दोन आठवडे तुम्हाला लिव्हर लहान करायला पातळ आहार दिला असेल. त्याआधीचं वजन किती होतं? बहुतेक जण ते विसरतात.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं: गोळ्या "सगळ्या एकदम" म्हणालात. त्यात कॅल्शियम आणि लोह आहे ना? थायरॉइडची गोळी त्यांच्याबरोबर घेतली तर ती धड शोषलीच जात नाही, दोन्हींत ४ तासांचं अंतर लागतं. लोह आणि कॅल्शियमसुद्धा एकमेकांपासून दोन तास लांब. आणि चहाबरोबर लोह घेणं म्हणजे लोहावर पाणी. पहाटे नुसत्या पाण्याबरोबर थायरॉइड, अर्धा-पाऊण तास काही नाही. जेवणानंतर लोह, हवं तर लिंबाची फोड चोखा. कॅल्शियम संध्याकाळी, आणि ते सायट्रेट आहे का बघा. स्लीव्हनंतर पोटात आम्ल कमी असतं, कार्बोनेट नीट लागू पडत नाही. टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, शेवटची कधी केली? ऑपरेशनच्या आधीचा रिपोर्ट चालणार नाही. पण सात आठवड्यांचं खापर एकट्या थायरॉइडवर फोडू नका.

आता खाणं. तुम्ही लिहिलेल्यात प्रथिनं मोजली, फार तर ३० ते ३५ ग्रॅम भरतात. निदान ६० हवीत. प्रथिनं कमी पडली की चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि स्नायू गेले की शरीराचा रोजचा खर्चच घटतो. वजन उतरलं की तो तसाही घटतो, ९५ किलोचं शरीर ११८ एवढं जाळत नाही. त्यामुळे जे खाऊन तिसऱ्या महिन्यात उतरत होतं, तेच खाऊन आठव्यात थांबतं. आणि चालण्याबरोबर आठवड्यातून दोनतीनदा खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, पाण्याच्या बाटल्या उचलणं असलं काहीतरी सुरू करा, स्नायूंना काम हवं.

स्लीव्हनंतर एक गंमत होते. चिकन, अंडं, पोळी अडकतं, छाती दुखते, फेस येतो. मारी, कुरमुरे, पोहे, मऊ भात सरसर उतरतात. मग माणूस नकळत जे उतरतं तिकडे वळतो. पोट लहान आहे, पण मारी चघळली की तिची पेजच होते, आणि पेज पोटात थांबत नाही. अर्ध्या तासाने परत जागा तयार. तुमच्या चारच्या दोन मारी दोनच असतात का?

पोळी अडकते तर तूर्तास सोडा. ताटात आधी प्रथिनं, मग भाजी, उरलं पोट तर भात. जेवताना पाणी नाही, नंतरही अर्धा तास नाही. चातुर्मासात अंडं नको, ठीक, त्याने काही अडत नाही. श्रीखंडाचा चक्का बांधतो तसा बांधा, साखर न घालता, जिरेपूड-मीठ लावून खा. पनीर १०० ग्रॅममध्ये साधारण १८ ग्रॅम. सोयाबीनच्या वड्या भिजवून, पिळून, बारीक करून आमटीत. मुगाचं घट्ट धिरडं. ताकावर मात्र विसंबू नका, ते बहुतेक पाणीच.

आणि एकादशी. साबुदाण्याची खिचडी हा मऊ, सरकणारा, मुख्यतः पिष्टाचा पदार्थ आहे. विठोबाला चालेल, तुमच्या स्लीव्हला नाही.

---

बुटीबोरीकर

आमसूल मॅडम, एक विचारतो. माझा मित्र मेडिकलवाला आहे, तो म्हणते ते आठवड्याचं इंजेक्शन आलं आहे ना, मौंजारो, ते घेऊन टाक, ७ किलो वाढले ते जातील. ताईलाही चालेल का?

---

आमसूल

मेडिकलवाल्या मित्राकडून नाही. सर्जरीनंतर वजन अडलेल्यांना किंवा परत चढलेल्यांना डॉक्टर अशी औषधं देतात, ते खरं आहे. पण ज्यांना आधीच ३५ ग्रॅम प्रथिनं जात नाहीत, त्यांची भूक आणखी मारून काय मिळणार? सातव्या महिन्यात आधी गोळ्यांच्या वेळा सुधारा. तुमचे ७ किलो कशाने वाढले?

---

बुटीबोरीकर

संध्याकाळच्या बैठकीने. चखना आन् त्याच्या अलीकडचं. बायपासनंतर एका पेगात दोन पेगांची चढते, त्यात स्वस्त पडते असं वाटलं होतं. बंद केलं आहे, होळीपासून.

---

कोयनाकाठ

तीन आठवड्यांनी येतेय, मुद्दाम. दरम्यान एक वही केली. पतसंस्थेची जुनी कॅशबुक होती, जमा-नावेच्या रकान्यांची. जमेकडे प्रथिनं, नावेकडे बाकी सगळं.

पहिल्याच आठवड्यात पकडले गेले. मारी दोन नसतात. एक पुडा ड्रॉवरमध्ये असतो, कुठल्याही कॅश टॅलीच्या वेळी हात आपोआप जातो. एका गुरुवारी ११ रुपये जुळत नव्हते, ते सापडेपर्यंत सात मारी संपल्या. सात! मला एकही आठवत नव्हती, पुडा मोजला तेव्हा कळलं. घरी आल्यावर स्वयंपाकाची चव बघणं वेगळं. तेही लिहिलं. "आमटी, २ चमचे, मीठ बरोबर."

टीएसएच केली, ९.८ आली, म्हणजे गोळी कमी पडतेय. सर्जरीच्या आधी ३.१ होती. डॉक्टरांनी डोस तोच ठेवलाय, म्हणाले आधी वेळा सुधारून सहा आठवड्यांनी परत करू. मला फाइलवर लिहूनही दिलं होतं म्हणे, डिस्चार्जच्या कागदात, चौथ्या पानावर. आहे खरं. कुणी तोंडाने सांगितलं नाही, आणि मीही चौथं पान वाचलं नाही. कर्जाच्या अर्जाला लोक असंच करतात म्हणून मी त्यांना ओरडत असते.

पातळ आहाराच्या आधीचं वजन १२२ होतं. म्हणजे तेव्हाच २३ नाही, २७ गेले होते. आमसूलताई, तुम्ही चूक दाखवलीत म्हणून हिशोब नव्याने मांडला: माझ्या उंचीला २५ च्या बीएमआयने ६२ किलो धरले, तर जादा होते ६०, त्यातले २७ गेले. जादा वजनाच्या ४५ टक्के. तो मुलगा मूळ वजनाच्या ३२ टक्के उतरलाय, मी २२. पुढे आहेच तो, पण मी दुप्पट समजत होते, तर दीडपटच निघाला. दर रविवारचं रडं अर्ध्या रकमेचं होतं.

आषाढीला खिचडी नाही केली. सासूबाईंना वाटलं मी देव सोडला. मग त्यांनीच भिजवलेले शेंगदाणे आणि पनीर दिलं. संध्याकाळी म्हणाल्या, "पनीर उपासाला चालतं ना गं?" मी म्हटलं, चालतं. खरंतर विचारून घ्यायला हवं होतं कुणाला तरी.

चक्का जमतोय. सोया वड्यांचा वास नाही जमत, आलं-लसूण घालूनसुद्धा. कुणाकडे युक्ती आहे का?

एक सांगायचं राहिलं. आमच्या तिजोरीचा सगळ्यात खालचा कप्पा नाण्यांचा. गेली आठ वर्षं तो उघडायला मी शिपायाला हाक मारते, कारण उकिडवं बसलं की उठता येत नव्हतं. मंगळवारी तो बाहेर गेला होता आणि गिऱ्हाईक सुट्ट्यांसाठी थांबलेलं. मी बसले, पिशवी काढली, उठले, पैसे दिले. पुढच्या गिऱ्हाइकाची स्लिप हातात घेतल्यावर माझ्या लक्षात आलं. त्या खुर्चीवरच्या व्यायामाला तेव्हा जेमतेम पंधरा दिवस झाले होते.

आज सोमवार. फरशीवर खुणा केल्यात. ९३.७.

---

बुटीबोरीकर

वड्या गरम पाण्यात मीठ टाकून उकळा, पिळा, थंड पाण्यात टाका, परत पिळा. तीन वेळा. मग वास जाते. सात मारीवर मी काही बोलत नाही.