कुलर चालू असूनही खोलीत उकडतंय, मदत हवी आहे

धंतोली_४४: 12 बाय 12 ची खोली, नवा कुलर. दुपारी एकनंतर गारवा तर नाहीच, उलट अंग चिकचिकतं. पंप चालू, पाणी भरलेलं, पॅड नवीन. नवतपा (मे अखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस) अजून यायचाय. लवकर सांगा.

संत्राबर्फी: कुलर खिडकीबाहेर की खोलीत? पत्र्याचा की प्लॅस्टिकचा? वर गच्ची आहे का?

धंतोली_४४: कुलरचं विचारलंय, गच्ची कुठून आली मध्येच?

ताटीवाला: गच्ची काहून नाही येणार भाऊ? दिवसभर तापलेला स्लॅब रात्री बारापर्यंत वाफा टाकून राहते. आधी चुन्याची पुताई करा. चुना रात्रभर भिजवायचा, गाळायचा, थोडं फेविकॉल टाकून दोन हात मारायचे. मग कुलरचं बोलू.

इन्व्हर्टरप्रेमी: एसी घ्या, विषय संपला.

संत्राबर्फी: कुलरला साधारण 200 वॅट, दीड टनाच्या एसीला 1500 च्या आसपास. बिल तुम्ही भरणार का? धंतोली, पहिल्या प्रश्नाचं उत्तर राहिलंय.

धंतोली_४४: पत्र्याचा आहे, खोलीतच, कोपऱ्यात. दार-खिडक्या बंदच ठेवतो, नाहीतर गार हवा निघून जाईल ना!

वेटबल्ब: घोळ तिथेच आहे. कुलर पाणी उडवून, म्हणजे त्याची वाफ करून, हवा गार करतो. बाहेर 45 अंश आणि 15 टक्के आर्द्रता असेल तर वेट बल्ब तापमान (पाणी उडून हवा जास्तीत जास्त जिथवर गार होऊ शकते ते) साधारण 24 येतं, म्हणजे चांगल्या पॅडमधून 28-29 ची हवा मिळायला हवी. पण बंद खोलीत तीच दमट हवा पुन्हा पुन्हा पॅडमधून फिरली की पाणी उडणंच मंदावतं. म्हणून चिकचिक. कुलर खिडकीबाहेर सावलीत टांगा आणि समोरच्या भिंतीतली खिडकी उघडी ठेवा. 1000 सीएफएमला, म्हणजे मिनिटाला 1000 घनफूट हवा फेकणाऱ्या कुलरला, सुमारे 2 चौरस फूट वाट लागते. 10 फूट उंचीची तुमची खोली 1440 घनफूट, म्हणजे अशा कुलरने दीड मिनिटात सगळी हवा बदलते.

मठ्ठाएक्सप्रेस: जेवणानंतर कैरीचं पन्हं घ्या, वाळ्याचं पाणी प्या. टाकीत बर्फ टाकला तरी मस्त गार होतं.

वेटबल्ब: 1 किलो बर्फ वितळताना 334 किलोज्यूल उष्णता घेतो, 1 लिटर पाणी उडताना सुमारे 2400. बर्फ पन्ह्यातच टाका.

धंतोली_४४: खिडकीत लावला, समोरची उघडली. फरक आहे. पण डाव्या बाजूच्या पॅडमधून अजून गरमच येतंय.

ताटीवाला: हनीकोंब असन, ते कागदी जाळीचं पॅड! म्हणून म्हणतो, वाळ्याची ताटी ते वाळ्याचीच. वास येते तो वेगळा.

संत्राबर्फी: गवत आणि वाळा खाली बसतात, वर चार बोटं फट पडते, तिथून लू थेट आत. हनीकोंब निदान जागा सोडत नाही. धंतोली, पॅडवर हात फिरवा. कोरडा चट्टा लागतोय का? पाणी बोअरचं आहे का?

धंतोली_४४: हो, वर डावीकडे वीतभर कोरडं आहे. पाणी बोअरचंच, त्यात काय?

संत्राबर्फी: त्यातच सगळं. वरच्या पन्हळीची भोकं क्षारांनी बुजतात, त्या पट्ट्यात पाणी उतरत नाही. भोकं तारेने मोकळी करा. पॅडवरचा पांढरा थर लिंबाच्या फुलाच्या (सायट्रिक ॲसिडच्या) पाण्यात भिजवून काढा, घासू नका, पापुद्रे तुटतात. टाकीतलं पाणी आठवड्याला पूर्ण काढा, क्षारही जातील आणि डासांच्या अळ्याही. पत्र्याचा कुलर आहे, तेव्हा प्लग काढल्याशिवाय पाण्यात हात घालायचा नाही. तीन पिनांचाच प्लग, अर्थिंग तपासलेलं, आणि जमलं तर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच).

धंतोली_४४: भोकं मोकळी केली, डावीकडूनही गार यायला लागलं. पण उघड्या खिडकीतून डास येताहेत, त्याचं काय?

ताटीवाला: जाळी लाव. पण जाळीत हवा अडते, खिडकी आणखी उघड. अन् चुन्याचं काय केलं ते सांगितलं नाही.