वीज विकणारा भूतान थंडीत वीज विकत घेतो

बरेच जण म्हणतात की भूतानला काय, नद्यांवर वीज करायची, भारताला विकायची आणि बसून खायचं. अर्धं बरोबर आहे हो, पण उन्हाळा-पावसाळ्यापुरतं. तिथले बहुतेक प्रकल्प मोठं पाणी साठवणारे नाहीत, वाहत्या पाण्यावरच चालतात, चुखा (३३६ मेगावॅट) आणि ताला (१०२० मेगावॅट) दोन्ही एकाच वांगछू नदीवर, आणि हिवाळ्यात वर डोंगरात पाणी गोठलं की नदीच बारीक होते. आम्ही जानेवारीत गेलो होतो, थिंफूत पुलावरून खाली बघितलं तर गोटेच जास्त आणि मधून हिरवट पाण्याची एक धार, आणि इकडे हॉटेलात खोलीखोलीत हीटर सुरू. म्हणजे मागणी सगळ्यात जास्त तेव्हाच पाणी सगळ्यात कमी, त्यामुळे त्या महिन्यांत भूतान उलट भारताकडून वीज घेतो. मला तर हे तिथे जाईपर्यंत माहीतच नव्हतं.

बाकी भूतानमध्ये आपले रुपये चालतात, तिथलं चलन न्गुलत्रुम आणि रुपया एकास एक आहे, पण सुट्टे परत मिळतात ते न्गुलत्रुममध्ये आणि ते भारतात सीमेवरच्या जयगावच्या पुढे कुणी घेत नाही, आमच्याकडे एकूण साडेतीनशे न्गुलत्रुमच्या नोटा अजून डब्यात पडल्यात. आणि बजेट काढताना भारतीय पर्यटकांना माणशी रात्रीला १२०० रुपये सरकारी शुल्क आहे ते धरा, चौघं पाच रात्री म्हणजे २४ हजार तिथेच गेले.