बरोक (साधारण 1600 ते 1750 च्या युरोपातल्या) ऑपेराच्या सेटची छापचित्रं: पुरावा की राजाची जाहिरात?

पडद्यामागचा:
परवा परत 'इल पोमो दोरो'ची चित्रं बघत बसलो होतो. ज्यांना माहीत नाय त्यांच्यासाठी, 1668, व्हिएन्ना, सम्राट लिओपोल्डच्या बायकोचा वाढदिवस, संगीतकार चेस्तीचा ऑपेरा, दोन दिवस चाललेला, नेपथ्य बुर्नाचीनीचं, वीसहून जास्त सीन, आणि ते क्युझेलने तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापले. माझं सरळ म्हणणं, सेटची नोंद म्हणून हे दाखवणं बंद करा. लग्नाचा अल्बम आहे हा, मामा रुसले होते ते अल्बममध्ये दिसतं का कधी? माणसं मुंगीएवढी काढली की स्टेज आपोआप अवाढव्य. आणि मेणबत्त्या नि तेलाच्या दिव्यांवर चाललेला खेळ, चित्रात मात्र पार शेवटच्या खांबापर्यंत लख्ख उजेड!

नेपथ्यवाली:
बरं, मग वापरायचं काय ते पण सांगा की. थिएटर लाकडाचं, तटाला लागून, 1683 ला तुर्कांचा वेढा पडला तेव्हा पाडून टाकलं. तिसऱ्या आणि पाचव्या अंकाचं संगीतही बरंचसं गेलं. हातात राहिली ही चित्रं. आणि तुम्ही नरकाचा सीन झूम करून बघितलाय का? अख्खी चौकट म्हणजे राक्षसाचं आ वासलेलं तोंड, आत नदी, मेलेल्यांना पलीकडे नेणाऱ्या खारॉनची होडी, मागे जळतं शहर. मी सेट लावते म्हणून सांगते, यात न बांधता येण्यासारखं काहीएक नाही. पुढे कापलेली चौकट, मध्ये होडी सरकवायला जागा, मागे रंगवलेला पडदा. झालं. बाकीच्या सीनमध्ये डावी-उजवीकडच्या इमारती जोडीजोडीनं मागे जातात बघा, त्या विंगा आहेत हो, बाजूचे रंगवलेले सरकते फलक.

पडद्यामागचा:
बांधता येतं म्हणजे बांधलं होतं असं नाही ना ताई. जोड्या तर पर्स्पेक्टिव्ह शिकलेला कोणीही काढेल. चित्रकार गेफेल्सनं काढलेलं त्याच थिएटरच्या प्रेक्षागृहाचं चित्र बघा, सम्राट समोर मधोमध बसलाय. सगळ्या रेघा त्या मधल्या खुर्चीसाठी, बाजूच्या गॅलरीतल्याला तेच खांब तिरके दिसत असणार, त्याचं चित्र कोण छापणार? काही प्रवेशांचं संगीत पण खुद्द राजाचं, म्हणजे घरचंच कार्य, वाईट दाखवतील कशाला.

नेपथ्यवाली:
मधली खुर्ची मान्य. पण ती फसवाफसवी नाही, सेटच त्या खुर्चीसाठी काढलेला असायचा, मग चित्र तिथूनच काढणार ना.

शंकासूर:
दोघंही स्थिर चित्रावरच भांडताय. नेपथ्यकार तोरेल्लीनं 1640 च्या दशकात व्हेनिसमध्ये ज्यासाठी नाव काढलं ते काय होतं? स्टेजखाली गाडे, सगळ्या विंगांचे दोर मधल्या एकाच गोल फिरणाऱ्या रुळाला, वजन सोडलं की अख्खा राजवाडा काही सेकंदांत जाऊन जंगल उभं. लोक तो बदल बघायला यायचे, आणि नेमका तोच एकाही चित्रात नाही. तो बघायचा तर स्वीडनमधलं ड्रॉटनिंगहोम किंवा चेकियातलं चेस्की क्रुमलॉव्ह, तिथल्या जुन्या थिएटरांतली यंत्रं अजून आहेत.

पडद्यामागचा:
ती 1766 च्या आसपासची. शंभर वर्षांची फट आहे मधे.

शंकासूर:
फट आहे, पण खटका तोच. विंगा जोडीनंच पळणार, म्हणजे चित्रातल्या जोड्या उगाच नाहीत, हा मुद्दा ताईंना द्यावाच लागेल. उजेड मात्र खोटा, तो तुमचा.

नेपथ्यवाली:
घेतला. आपल्याकडे आनंदराव आणि बाबूराव पेंटरांनी नाटकांचे पडदे रंगवले, त्यांचा असा छापील संच कुठे हाती लागला तर आपण नाचू, उजेड खोटा का खरा विचारत बसणार नाही :)

पडद्यामागचा:
नाचू, पण पडद्याचा रंग त्यातून कळणार नाहीच. क्युझेलचा नरक तरी कुठल्या रंगाचा होता? सगळे आपापल्या मनात राखाडी धरून बसलेत, कारण शाई काळी होती.

नेपथ्यवाली:
लाल. पैज लावा.